ग्रिपरवर लावलेला पातळ फोर्स सेन्सर चुकीचं रीडिंग का देतो? कॅलिब्रेट कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की सावद्याच्या पॅकहाऊससाठी केळीची फणी उचलणारा ग्रिपर, म्हणजे यंत्राचा पकडणारा पंजा, बनवताय. सेन्सर टेबलावर एक किलोचं वजन ठेवून कॅलिब्रेट केला, म्हणजे माहीत असलेल्या वजनाशी आकडा जुळवून घेतला, पण बोटावर चिकटवल्यावर आकडा जुळत नाही, आणि फणी धरून ठेवली की तो आपोआप चढत जातो.

सेन्सर बिघडलेला नाही, भाऊ. मी भुसावळला इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करतो, आणि हीच तक्रार घेऊन पोरं माझ्याकडे येतात. हा सेन्सर म्हणजे दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये दाबाने रोध बदलणारी शाई. वर काय टेकलंय, खाली काय आहे, किती वेळ दाबलंय, किती गरम आहे, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून एकट्या सेन्सरचं कॅलिब्रेशन करून भागत नाही. बोट, चकती, फोम, वायरिंग असा अख्खा जोड कॅलिब्रेट करावा लागतो, आणि तोही जागेवरच.

आधी चकती. केळं गोलसर, त्यामुळे दाब कधी सेन्सरच्या मध्यावर पडतो, कधी कडेवर. फोम थेट सेन्सरवर लावला तर बराच दाब संवेदी गोलाच्या (दाब ओळखणाऱ्या भागाच्या) बाहेरच जातो. फ्लेक्सिफोर्स ए201 ह्या नेहमीच्या पातळ सेन्सरचा संवेदी गोल 9.53 मिमीचा आहे. त्यावर 8 ते 9 मिमीची ॲक्रिलिकची किंवा ॲल्युमिनियमची कडक चकती बसवा, फोम तिच्यावर. खालचा पृष्ठभाग सपाट आणि टणक हवा. चिकटवायला पातळ दुहेरी टेप घ्या, फेविक्विक नको. चकती घासली जाईल असा आडवा ताण येऊ देऊ नका.

आता गणित. तुम्ही सेन्सरला 10 किलोओमचा रोध जोडून (व्होल्टेज डिव्हायडर) आर्डुइनो ह्या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा 0 ते 1023 मधला आकडा थेट ग्रॅममध्ये बदलताय, तिथेच गोची आहे. बलाच्या प्रमाणात जवळपास सरळ रेषेत वाढते ती वाहकता (रोधाचा व्यस्त, सीमेन्समध्ये मोजतात), आकडा नव्हे. सेन्सर पुरवठ्याच्या बाजूला आणि 10 किलोओम ग्राउंडच्या बाजूला असेल तर 300 रीडिंगला वाहकता सुमारे 41 मायक्रोसीमेन्स, 600 ला सुमारे 142. आकडा दुप्पट, वाहकता साडेतीनपटीच्या आसपास! सूत्र सोपं: रीडिंग भागिले (1023 वजा रीडिंग), त्याला 10,000 ने भागा. मग वाहकता आणि बल यांची रेषा काढा. ऑप-ॲम्पचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) इन्व्हर्टिंग सर्किट केलंत तर आउटपुटच वाहकतेच्या प्रमाणात येतं. जमत असेल तर तेच करा.

कॅलिब्रेशनआधी सेन्सर 'मुरवावा' लागतो. तुमचं कमाल बल समजा 20 न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलो. त्याच्या 110 टक्के, सव्वादोन किलोच्या आसपास, तीनेक सेकंद ठेवा, काढा. असं चार-पाच वेळा. नव्या सेन्सरला तर नक्कीच. मग ग्रिपरचं बोट आडवं करून पॅडवर किराणा दुकानातली शिक्का मारलेली वजनं चढवत जा. त्याहून बरं म्हणजे दोन बोटांच्या मध्ये पाच किलोचा लोडसेल (वजन मोजणारा धातूचा सेन्सर, त्याचा सिग्नल वाचणाऱ्या एचएक्स711 बोर्डासह) धरून ग्रिपरच बंद करायचा. त्यात खरी यंत्रणा, खरा वेग येतो. रीडिंग ग्रिपर बंद होतानाचं वापरणार असाल तर चढत्या वजनांचीच रेषा घ्या. उतरताना आकडे वेगळे येतात, ए201 मध्ये हा फरक पूर्ण क्षमतेच्या साडेचार टक्क्यांच्या आत असतो.

चढत जाणाऱ्या आकड्याचं कारण ड्रिफ्ट, म्हणजे बल तेच असूनही वेळेबरोबर रीडिंग सरकत जाणं. स्थिर बलाखाली ए201 चा ड्रिफ्ट वेळ दहापट झाली की पाच टक्क्यांपर्यंत जातो. एक सेकंद ते दहा सेकंद जेवढा, साधारण तेवढाच दहा ते शंभर. म्हणून दाबल्यानंतर ठरावीक वेळेला, समजा दोन सेकंदांनी, रीडिंग घ्या. कॅलिब्रेशनही त्याच वेळेला.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. सेल्सिअसच्या एका अंशाला सुमारे 0.36 टक्के फरक पडतो. सकाळी 28 अंशांना केलेलं कॅलिब्रेशन पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी 43 ला वापरलंत तर पाच टक्के तिथेच गेले.

एवढं सगळं करूनही मी पाच-दहा टक्क्यांच्या आत अचूकतेचं वचन देणार नाही. फणी चेपू नये एवढं बघायला ते पुरेसं आहे. पण फणीचं वजन ह्याच सेन्सरने मोजायचा विचार असेल तर सोडा, त्यासाठी लोडसेलच लावा.

आणि केळीचा चीक. तो पॅडवर वाळला की पृष्ठभाग बदलतो, आणि कडेने सेन्सरपर्यंतही पोचतो. फोमवर पातळ प्लास्टिक चढवा, पण कॅलिब्रेशनआधी. ते बदललंत की निदान एक किलोवर पुन्हा तपासा.