ठाण्यात 4 आणि 9 वर्षांच्या मुलांना घेऊन कोणत्या वॉटरपार्कला जावं? सोबत मी आणि सासूबाई, दोघीच आहोत

आधी तिसरं मोठं माणूस शोधा, पार्क नंतर ठरवा.

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना सुट्टी नाही आणि सासूबाईंना पाण्याची आवड नाही. म्हणजे पाण्यात मोठं माणूस एकच आणि मुलं दोन, तीही अशा वयाची की धाकट्याला घोटाभर पाण्यात बसून राहायचंय आणि थोरल्याला उंच स्लाइडचा जिना चढायचाय. दोघं एका जागी थांबणार नाहीत. नणंद, भाऊ, सोसायटीतली मैत्रीण, कॉलेजात जाणारा भाचा, कुणीही चालेल, फक्त पाण्यात उतरणारं हवं. "मी बसते इथे पिशव्यांपाशी" म्हणणारं माणूसही लागतंच, ते खातं सासूबाईंकडे द्या.

आता पार्क. ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात दोन जुनी नावं: वाघबीळजवळ डोंगरीपाड्याचं सूरज वॉटरपार्क आणि मानपाडा-चितळसरच्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेली टिकुजीनी वाडी. सूरज मुख्यतः पाण्याचंच. टिकुजीनी वाडीत पाण्याखेरीज कोरड्या राइड्सही आहेत. तुमच्यासारख्या घरासाठी मी टिकुजीनी वाडी सुचवेन. चार वर्षांचं पोर तास-दीड तासात गारठतं, ओठ निळे पडले तरी "मला अजून खेळायचंय" म्हणत रडतं. तेव्हा त्याला अंग पुसून, कोरडे कपडे घालून दुसरीकडे रमवायची सोय लागते, आणि थोरल्याचा दिवसही फुकट जायला नको. थोरला एकटाच असता तर सूरज म्हटलं असतं. तिकिटाचे दर हंगामाप्रमाणे बदलतात; ते आणि पार्क सध्या सुरू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. लहान मुलाचं तिकीट वयावर आहे की उंचीवर, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मोठ्या स्लाइड्सना उंचीची अट असते, बहुतेक ठिकाणी चार फुटांच्या आसपास. नऊ वर्षांचं मूल साधारण सव्वाचार फुटांचं असतं, पण सगळी नसतात. घरी भिंतीला उभं करून पट्टीने मोजा आणि काय मिळेल, काय नाही ते आदल्या रात्रीच सांगून टाका. रांगेत अर्धा तास उभं राहून वर गेल्यावर नकार मिळाला की जे रडगाणं सुरू होतं, ते सगळ्या पार्काला ऐकू जातं.

वेव्ह पूलबद्दल, म्हणजे यंत्राने लाटा सोडतात त्या तलावाबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या सहलीत खरी भीती तिथेच आहे. लोक उंच स्लाइडला घाबरतात. पण स्लाइडवर एका वेळी एक जण सुटतो, वर एक माणूस, खाली एक माणूस. वेव्ह पूलमध्ये भोंगा वाजला की शेकडो माणसं एकदम आत धावतात, गाणी मोठ्याने लागतात, ट्यूब एकमेकांवर आदळतात. कडेला पाणी घोट्याएवढं दिसतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लाट आली की तेच पाणी चार वर्षांच्या मुलाच्या छातीपर्यंत चढतं आणि परत जाताना पाय ओढून नेतं. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ मिळत नाही तर हाक कुठून मारणार? अर्ध्या-एक मिनिटात, काही आवाज न होता सगळं होऊन जातं. म्हणून धाकटा हात पुढे केला की हाताला लागेल एवढ्याच अंतरावर हवा. "मला दिसतोय" हे अंतर चालत नाही. लाइफगार्ड असतात, पण एकाच्या वाट्याला किती डोकी येतात ते बघा. मुलांच्या दंडावर चढवायचे फुगवायचे पट्टे हे खेळणं आहे, लाटेत निसटतात. पार्कात लाइफ जॅकेट मिळत असेल तर मापाचं मागून घ्या; जॅकेट खांद्याला धरून वर उचललं आणि हनुवटी आत गेली, तर ते मोठं होतंय. लाटा सुरू असताना मोबाईल सासूबाईंकडे. फोटो लाटा थांबल्यावर काढा.

कपडे नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात, सुती कपड्यांत सोडत नाहीत. लोक यावरून गेटवर वाद घालतात, पण सुती कपडा भिजून जड होतो आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. भाड्याचे कॉस्च्युम मिळतात, मला ते घालवत नाहीत. मुलांसाठी भडक नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी घ्या. निळा, राखाडी, पांढरा रंग पाण्याखाली दिसेनासा होतो. बाह्या लांब असल्या तर मे महिन्याच्या उन्हात पाठ भाजत नाही. सनस्क्रीन पाण्यात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आणि मग दर दोन तासांनी. रबरी चप्पल विसरू नका, दुपारी फरशी तव्यासारखी तापते. मंगळसूत्र, जोडवी, मुलांच्या गळ्यातली चेन घरीच ठेवून या, लॉकरच्या भरवशावरही नको.

पाण्याचं म्हणाल तर तळ स्वच्छ दिसतोय का ते बघा. नाकात झणझणणारा वास येत असेल तर "भरपूर क्लोरीन आहे, म्हणजे पाणी चांगलं" असा समज करून घेऊ नका. तो वास क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्यापासून बनणाऱ्या क्लोरामाइनचा, डोळेही त्यानेच चुरचुरतात. म्हणून पाण्यात जायच्या आधी शॉवर, आणि दर तासाला धाकट्याला शू करायला न्या, त्याने "नाही लागली" म्हटलं तरी. कुणाला जुलाब होत असतील तर बेत सरळ पुढे ढकला. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त जगतो, दुसऱ्यांच्या मुलांना कशाला त्रास?

जायला मधलाच वार निवडा. शनिवार-रविवारी मेमध्ये पाण्यापेक्षा माणसं जास्त. घरून पोहे-उपमा असं हलकं खाऊन गेट उघडायच्या वेळेला पोचा आणि चार-साडेचारला निघा, नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पोरं मांडीवर झोपतात आणि तुमच्या पायांना मुंग्या येतात. स्टेशनवरून टीएमटीची बस मिळते, पण ओल्या बॅगा आणि झोपलेलं पोर घेऊन परत येताना रिक्षाच करा. आणि हो, परतताना मामलेदार मिसळीचा मोह टाळा, दिवसभर पाण्यात भिजलेल्या पोरांना तो तिखट रस्सा झेपणार नाही.

तिसरं माणूस मिळालंच नाही तर नेरुळच्या वंडर्स पार्कला जा. ते वॉटरपार्क नाही, महापालिकेचं उद्यान आहे, पण सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, टॉय ट्रेन आहे, सासूबाईंनाही फिरता येईल. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून थेट नेरुळ. थोरला थोडा फुगेल. वॉटरपार्क मग मिस्टरांना सुट्टी मिळेल तेव्हा.

घरी आल्यावर दोघांचे कान टॉवेलच्या टोकाने बाहेरून कोरडे करा, डोकं एकेका बाजूला कलवून पाणी काढा. इअरबड आत घालू नका. पुढच्या दोन-तीन दिवसांत कानाची पाळी ओढल्यावर दुखतंय असं म्हणाले तर तेल न घालता कानाच्या डॉक्टरांना दाखवा.