रूम पार्टनरकडे एमडी (मेफेड्रोन ड्रग) सापडलं तर मी पण अडकेन का?

प्रश्न: नमस्कार वकीलताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाथर्डी फाट्याला तिघांनी मिळून फ्लॅट घेतलाय, भाडेकरार माझ्या नावावर आहे. महिन्याभरापूर्वी कळलं की आमच्यातला एकजण एमडीच्या पुड्या आणतो, स्वतः घेतो आणि बहुतेक एकदोघांना देतो पण. माझी बाईक पण नेतो कधीकधी. मी कधी हातसुद्धा लावला नाही. सगळे म्हणतात ज्याच्याकडे सापडतं तोच अडकतो, खरंय का? घरी सांगायची हिंमत होत नाहीये.

उत्तर: अरे, विचारलंस ते फार बरं केलंस. पण तुझे मित्र सांगतायत ते अर्धंच खरं आहे. नुसतं शेजारी बसलं म्हणून गुन्हा होत नाही, कोर्ट बघतं की तुला माहीत होतं का आणि त्या वस्तूवर तुझा ताबा होता का. ट्रकमध्ये अफूच्या बोंडांच्या चुऱ्याच्या पोत्यांवर बसलेल्या लोकांना सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सोडलं होतं, पण पुढच्याच वर्षी खाजगी गाडीतून एकत्र जाणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांची चरसच्या केसमधली शिक्षा त्याच कोर्टाने कायम ठेवली. म्हणजे ओळख, सोबत, जागा सगळं मोजलं जातं.

आणि तुझी खरी अडचण ही आहे की तुला महिन्याभरापासून माहितीये. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम २५ सांगतं की आपल्या ताब्यातली जागा किंवा गाडी जाणूनबुजून अशा कामाला वापरू दिली तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. करार तुझ्या नावावर, बाईक तुझी. बाईक जप्त झाली तर ती सोडवायला तुला दाखवावं लागेल की तुला कल्पना नव्हती आणि तू काळजी पण घेतली होतीस, मग तू काय दाखवणार सांग. शिवाय या कायद्यात आरोपीच्या मनात काय होतं हे कोर्ट आधी त्याच्या विरुद्ध गृहीत धरतं आणि ते खोडून काढायचं ओझं आपल्यावर येतं, हे लोकांना माहीतच नसतं.

शिक्षा वजनावर ठरते: एमडीची अल्प मात्रा फक्त २ ग्रॅमपर्यंत, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा, १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि जामीन जवळपास अशक्य. त्यात मिसळलेली पावडर पण वजनात धरतात, २०२० चा निकाल आहे. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्या बघितल्यात, त्यामुळे नाशकात हे प्रकरण कोणी हलक्यात घेईल असं समजू नकोस.

आता काय करायचं. त्या पुड्यांना हात लावू नको, फेकू पण नको, हातात घेतल्या की ताबा तुझा. बाईकची चावी आजपासून तुझ्याकडेच. त्याची कुठलीही बॅग, पार्सल "जरा ठेव" म्हणाला तरी ठेवायचं नाही. घरमालकाला लेखी कळवून करार संपव आणि बाहेर पड, पण त्याआधी एखाद्या वकिलाला भेट, पोलिसांकडे जायचं झालं तरी वकिलांना घेऊनच जा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात विचार, हेल्पलाइन १५१०० आहे. धाड पडलीच तर पळू नको, अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर मागायचा हक्क आहे (बॅग आणि गाडीच्या झडतीला तो लागू नाही), आणि न वाचता कशावरही सही करू नको.

मित्राला नशामुक्तीचा १४४४६ नंबर दे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात कलम ६४-अ चं संरक्षण मिळू शकतं, विकण्याला मात्र नाही.

आणि बाबांना आज रात्रीच फोन कर. रागावतील, पण पोलीस स्टेशनमधून फोन जाण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.