तक्ता नंतर, आधी भागाकार

रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंतचा विद्युतचुंबकीय लहरींचा तक्ता घोकत बसू नकोस. आधी एक हिशेब हातात बसव: ३०० भागिले मेगाहर्ट्‌झमधली वारंवारता. उत्तर म्हणजे तरंगलांबी, मीटरमध्ये. एफएम १०० मेगाहर्ट्‌झला ३ मीटर, म्हणून पाव तरंगलांबीचा अँटेना ७५ सेंटिमीटरचा.

मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर. आता त्याच्या दारातली जाळी जवळून बघ. भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. एवढी लांब लहर त्यातून निसटत नाही. प्रकाश मात्र बिनधास्त बाहेर येतो, कारण त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत, त्या याच जोरावर. शिवाय वारा आरपार जातो. (तिकडे गेलास तर मोबाइल बंद ठेव.)

‘रेडिएशन’ ऐकून दचकायचं नाही. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद अतिनीलच्या वरच्या टोकापासून पुढे. वायफायकडे ती नाही, राउटर कितीही दणकट असो.

अवरक्त (इन्फ्रारेड) बघायचंय? टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर दाब. मागच्या कॅमेऱ्यात चमक दिसली नाही तर पुढचा लावून बघ.