रोजच्या लोकल प्रवासाने मन खचतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला लागून सहा महिने झाले, रोज डोंबिवली-दादर लोकलने जाता, आणि आता रात्री अंथरुणावर पडल्यापासूनच सकाळच्या गाडीची धास्ती वाटते. घरचे म्हणतात, सगळेच जातात, तुलाच काय होतंय? आणि तुम्ही विचारताय, माझंच मन कमकुवत आहे का?

अजिबात नाही. मी १७ वर्षं बदलापूर ते भायखळा केलंय आणि पहिलं वर्ष असंच रडत काढलंय.

नुसत्या गर्दीने माणूस इतका खचत नाही. गाडी वेळेवर येईल का, आली तर चढता येईल का, चढले तर उतरता येईल का, यातलं काहीच आपल्या हातात नसतं, ते खातं. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात स्टॉकहोमला रेल्वेने कामाला जाणाऱ्यांच्या लघवीतलं अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं हार्मोन, तपासलं होतं. पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्यांचा प्रवास सुमारे ८० मिनिटांचा, मध्येच चढणाऱ्यांचा त्याच्या जेमतेम निम्मा. तरी ताण मध्ये चढणाऱ्यांनाच जास्त! पहिल्यांना रिकामी गाडी मिळायची, हवी तिथे बसता यायचं. हे वाचलं आणि डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन बसून येणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. वेळ जास्त जातो, पण त्या शांत असतात. तुम्हीही पास कल्याणपर्यंतचा काढा, नाहीतर डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरा.

दुसरी गोष्ट माणसांची. एका पावसाळ्यात संध्याकाळी शीव-कुर्ल्याच्या मध्ये गाडी तासभर उभी राहिली. मला चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला टेकण्यापुरती जागा मिळालेली, पंखे बंद, तळहात घामाने ओले, श्वास पुरेना. शेजारच्या बाईंची ओळखही नव्हती. त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी सरळ माझ्या मांडीवर ठेवली. "निवड गं, मला एकटीला उरकत नाही." दुसरी जुडी निवडून होईस्तोवर माझा श्वास ताळ्यावर आला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तीच गाडी आणि तोच डबा धरला. पुढे त्याच ग्रुपने माझं डोहाळजेवण गाडीत केलं.

मात्र रोज छातीत धडधडत असेल, झोप उडाली असेल, तर "सवय होईल" म्हणून अंगावर काढू नका. १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जायलाही लाजू नका. आणि जमत असेल तर ऑफिसात वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे करून मागा. मी मागायला तीन वर्षं लावली, त्याचं आजही वाईट वाटतं.

तोवर एकच गाडी, एकच डबा ठेवा. कोणी "कुठे उतरणार?" विचारलं तर नुसतं "दादर" म्हणून गप्प बसू नका, त्यांनाही विचारा.