शंका-समाधान : नमुना परदेशी पाठवण्याआधी

प्रश्न : मोसंबी आणि कागदी लिंबावरच्या खैऱ्या रोगाचे जिवाणू आम्ही प्रयोगशाळेत वेगळे केले आहेत. जर्मनीतल्या सहकारी प्रयोगशाळेला शुद्ध कल्चर पाठवायचं आहे. पैशांचा व्यवहार नाही. थेट कुरिअर केलं तर चालेल ना?
— वनस्पती रोगशास्त्राचे प्राध्यापक, परभणी

उत्तर : नाही चालणार. खैऱ्याचा जिवाणू, झॅन्थोमोनास सिट्री, स्कोमेट यादीच्या २ क्रमांकाच्या प्रवर्गात आहे. ही यादी विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची. नागरी कामाबरोबर शस्त्रांसाठीही वापरता येतील अशी रसायनं, जिवाणू, यंत्रं आणि तंत्रज्ञान तिच्यात येतं. पैसे घेतले की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. फुकट दिलेला नमुनाही निर्यातच. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याची बुरशीही या यादीत आहे, हे रब्बीत नमुने गोळा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर, संस्थेच्या आयईसी क्रमांकावर, म्हणजे आयात-निर्यातदार क्रमांकावर करायचा. तेव्हा आधी कुलसचिव कार्यालयात तो क्रमांक आहे का, ते विचारा. पुष्कळदा गाडी तिथेच अडते. सोबत जर्मन प्रयोगशाळेचं अंतिम वापर प्रमाणपत्र जोडा. ते त्यांच्या लेटरहेडवर, अधिकारी व्यक्तीच्या सहीनं हवं आणि त्यात काय, किती, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या पत्त्यावर हे स्पष्ट हवं. ‘संशोधनासाठी’ एवढं मोघम लिहिलं की शंका निघते. अर्ज आंतरमंत्रालयीन कार्यगटापुढे जातो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवूनच सहकाऱ्याला तारीख कळवा.

नावातही घोळ होतो. हाच जिवाणू जुन्या शोधनिबंधांत कॅम्पेस्ट्रिस, पुढे अ‍ॅक्सोनोपोडिस आणि आता सिट्री या नावानं येतो. अर्जात एक नाव, प्रमाणपत्रात दुसरं आणि ट्यूबवर नुसता प्रयोगशाळेचा सांकेतिक क्रमांक असेल, तर तपासणाऱ्याला तिन्ही एकच वाटणार नाहीत. जुनं-नवं नाव पॅथोव्हारसकट, म्हणजे कोणत्या पिकावर रोग करतो त्यावरून पडलेल्या उपप्रकाराच्या नावासकट, सगळीकडे सारखं लिहा. डाळिंबावरचा तेल्या रोग याच वंशातल्या जिवाणूमुळे होतो, पण त्याचा पॅथोव्हार वेगळा. तेव्हा शेवटचा शब्द गाळू नका. जिवंत कल्चरऐवजी डीएनए पाठवून सुटका होईल असंही समजू नका. यादीत जनुकीय घटकांचीही नोंद आहे.

शिवाय जैवविविधता कायदा, २००२ आहेच. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता ही वेगळी बाब; एका परवान्यानं दुसरीचं काम भागत नाही. तिकडचं आयात परवानापत्र तुमच्या सहकाऱ्यानं मिळवायचं. हे सगळं हातात आल्यावरच पार्सल बांधा. पाकिटावर ‘नो कमर्शियल व्हॅल्यू’ लिहिल्यानं सीमाशुल्क खात्याचं समाधान होत नाही. निर्यातीची कागदपत्रं पुढे ५ वर्षं जपून ठेवायची असतात, म्हणून फाइल विभागात ठेवा, विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर नको.

प्रश्न : वस्तू काहीच जात नाही, फक्त आराखडे ई-मेलनं जातात. तरी परवाना?
— अभियांत्रिकी संशोधक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वस्तू स्कोमेट यादीत असेल, तर तिच्या तंत्रज्ञानालाही परवाना लागतो; मग ते ई-मेलनं जावो, ड्राइव्हच्या लिंकनं की फोनवर. सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधन यांना सूट आहे. छापून आलेला निबंध बिनधास्त पाठवा. कंपनीनं पैसे देऊन ‘छापू नका’ अशी अट घातलेल्या प्रकल्पाची रेखाचित्रं आणि प्रक्रियेचे आकडे मात्र या सुटीत बसवणं अवघड आहे. करारावर सही करण्याआधी ते कलम वाचा.

प्रश्न : कपाशीवरचा पाण्याचा ताण मोजायचा थर्मल कॅमेरा प्रात्यक्षिकासाठी परदेशी न्यायचा आहे. आठवड्यात परत आणणार.
— पीएच.डी. विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : परत आणलात तरी नेणं ही निर्यातच, हातातल्या बॅगेतून नेलं तरीही. डेटाशीटवर फ्रेम रेट, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती चित्रं टिपतो, ते बघा. ९ हर्ट्झ किंवा त्याहून कमी असेल, तर असे कॅमेरे साधारणपणे नियंत्रणाबाहेर असतात. ३० हर्ट्झचा असेल तर स्कोमेटच्या ८व्या प्रवर्गातल्या सेन्सरच्या नोंदी ओळीनं तपासा. ड्रोनसोबत नेणार असाल तर ड्रोनची तपासणी वेगळी. कॅमेरा अमेरिकी बनावटीचा असेल तर खरेदीच्या वेळी विद्यापीठानं दिलेलं हमीपत्र भांडार विभागातून काढून घ्या. पुनर्निर्यातीला तिकडची परवानगी लागते का, हे त्यावरून विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नका.