गृहीतकं घोकू नकोस

वायूंच्या गतिज सिद्धांताची (वायू म्हणजे सतत धावणारे, आदळणारे रेणू असं मानून दाब-तापमान समजावणारा सिद्धांत) गृहीतकं पाठ करण्यापेक्षा प्रत्येकापाशी थांबून विचार: हे धरलं नाही तर काय बिघडेल? रेणूंच्या टकरा पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे एकूण गतिज ऊर्जा न गमावणाऱ्या, नसत्या, तर बंद सिलिंडरमधला दाब नुसता ठेवल्या ठेवल्या उतरत गेला असता. रेणूंचं आकारमान नगण्य धरतो, कारण खोलीतल्या हवेत त्यांच्यातलं सरासरी अंतर व्यासाच्या साधारण दहापट असतं. दाब वाढवलास, तापमान उतरवलंस की हे आणि ‘रेणूंमध्ये आकर्षण नाही’ हे, दोन्ही ढासळतात. १८७३ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी नेमकी तिथेच दुरुस्ती केली. आणि हो, सगळे रेणू एकाच वेगाने धावतात असं कुठेच धरलेलं नाही! मीही पहिल्या चाचणीत तेच लिहून गुण घालवले होते. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूंचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर, ही निव्वळ सरासरी.