रेडिओ घड्याळ आणि कार्यालयातील संगणकांची वेळ

प्रश्न : माझ्या मुलाने जर्मनीहून आणलेले, रेडिओ संदेशावरून आपोआप वेळ लावून घेणारे भिंतीवरचे घड्याळ आमच्याकडे मात्र स्वतःहून वेळ लावून घेत नाही. आमच्या पतसंस्थेतील पंचवीसेक संगणकांच्या घड्याळांत दोन-चार मिनिटांचा फरक पडतो आणि नोंदींच्या वेळा मागेपुढे होतात. असा रिसीव्हर सर्व्हरला जोडून सर्वांची वेळ एकसारखी ठेवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जर्मनीत असता तर जरूर जोडता आला असता, सांगलीत त्याचा उपयोग नाही. आपल्या घड्याळात बिघाड झालेला नाही. त्याच्या आत अणुघड्याळ नसून साधे क्वार्ट्झच असते, आणि ते फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन येथील डीसीएफ७७ या केंद्राचा ७७.५ किलोहर्ट्झवरील संदेश ऐकून स्वतःला दुरुस्त करते. हा संदेश सुमारे २,००० किलोमीटरपर्यंत भरवशाने पोहोचतो. सांगली त्याच्या तिपटीहून लांब आहे.

संदेशाची रचना मोठी सुटसुटीत आहे. प्रत्येक सेकंदाच्या आरंभी केंद्र लहरीची तीव्रता क्षणभर उतरवते, ती ०.१ सेकंद उतरली तर शून्य आणि ०.२ सेकंद उतरली तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला ही खूण मुद्दाम गाळलेली असते, त्यामुळे त्यानंतर येणारी खूण म्हणजे नव्या मिनिटाचा आरंभ, हे रिसीव्हरला कळते. शिवाय चालू मिनिटात पाठवलेले आकडे हे येणाऱ्या मिनिटाची वेळ व तारीख सांगणारे असतात, म्हणून ते मिनिट सुरू होताच घड्याळ बरोबर लावता येते.

तिकडच्या कार्यालयांत असा रिसीव्हर एकाच सर्व्हरला जोडतात आणि बाकीचे संगणक नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, वापरून त्या सर्व्हरला वेळ विचारतात. रिसीव्हर मात्र संगणकांपासून दूर, शक्यतो खिडकीशी ठेवावा लागतो, कारण संगणकांच्या वीजपुरवठ्यातून निघणारा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो.

एनटीपीचे मर्म विलंबाच्या हिशेबात आहे. विचारणा कधी निघाली, सर्व्हरला कधी मिळाली, उत्तर कधी निघाले आणि कधी पोहोचले, अशा चार वेळा नोंदवून संगणक जाण्यायेण्याचा एकूण काळ काढतो व त्याचा निम्मा भाग एका बाजूचा धरतो. एकूण ४० मिलिसेकंदांपैकी जाताना १० आणि येताना ३० लागले असतील, तर १० मिलिसेकंदांची चूक राहते आणि ती संगणकाला कळण्याचा मार्ग नसतो. पतसंस्थेच्या नोंदींसाठी एवढी चूक नगण्यच आहे.

आपल्याकडे दोन मार्ग आहेत. पहिला, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या, एनटीपी सर्व्हरवरून इंटरनेटद्वारे वेळ घेणे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम याच संस्थेकडे आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनपीएलच्या किंवा एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जोडायची आहेत. दुसरा मार्ग म्हणजे गच्चीवर अँटेना लावून जीपीएसच्या उपग्रहांवरील अणुघड्याळांची वेळ घेणारा रिसीव्हर बसवणे. इंटरनेट वरचेवर बंद पडत असेल तरच हा खर्च करावा, असे मला वाटते.

कोणताही मार्ग घेतलात तरी सर्व संगणक बाहेरच्या सर्व्हरला जोडू नका. आपला एकच सर्व्हर बाहेरून वेळ घेईल आणि बाकीचे त्याला विचारतील, अशी व्यवस्था ठेवा. पहिल्यांदा वेळ जुळवाल तेव्हा पुढे गेलेली घड्याळे मागे येतील आणि नव्या नोंदीवर आधीच्या नोंदीपेक्षा मागची वेळ पडू शकेल, म्हणून हे काम दिवसाचे व्यवहार बंद झाल्यावर करावे. एखादा संगणक रोज सकाळी काही वर्षे मागची तारीख दाखवत असेल, तर आधी त्याच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी बदलून पाहा.